आवडती गाणी केमोच्या खोलीत नेऊ नयेत: संगीतोपचाराचा एक प्रकरण अभ्यास

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेला ५४ वर्षांचा पुरुष. लसिकाग्रंथींमध्ये कर्करोगाच्या पेशी सापडल्या, म्हणजे तिसरा टप्पा. त्यासाठी फॉलफॉक्स (तीन औषधे एकत्र) केमोचे १२ डोस ठरले, दर १४ दिवसांनी एक. पहिले चार वेळच्या वेळी झाले. पाचव्या डोसाच्या दिवशी रक्ताचे रिपोर्ट चांगले होते, पण पोर्टला (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेल्या छोट्या डबीला) सुई लागायच्या आधीच, खुर्चीत टेकल्या टेकल्या त्यांना उलटी झाली. औषधाचा थेंबही अंगात गेलेला नव्हता. तो डोस कसाबसा पार पडला. जाताना ते म्हणाले, "सिस्टर, बाकीच्या केमो मला नकोत. झालं तेवढं पुरे." सिस्टरने म्युझिक थेरपिस्टकडे चिठ्ठी पाठवली: "रिलॅक्सेशनसाठी पेशंटच्या आवडीची गाणी लावून द्यावीत."

चिठ्ठीमागचा हेतू चांगला होता, पण सांगितल्याप्रमाणे केले असते तर दुखणे वाढलेच असते. या लेखातला रुग्ण एक ठरावीक माणूस नाही. या कामात पुन्हापुन्हा समोर येणारे प्रसंग एका रुग्णाभोवती जुळवून मांडले आहेत आणि त्याच्या तक्रारींचे आकडे उदाहरणादाखल आहेत. औषधे, वेळा आणि पद्धती मात्र प्रत्यक्ष उपचारातल्याच आहेत.

औषधाआधीची मळमळ येते कुठून

केमोनंतर मळमळते ते औषधामुळे. केमोच्या आधी मळमळते ते आठवणीमुळे, आणि ही आठवण डोक्यापेक्षा पोटात जास्त असते. दर पंधरवड्याला तीच खोली, तोच स्पिरिटचा वास, पंपाची तीच टिकटिक, आणि त्यानंतर काही तासांत पोट ढवळणे. हे तीन-चार वेळा घडले की शरीर औषधाची वाट पाहत नाही. वास आला की काम सुरू. म्हणूनच ही तक्रार सहसा तिसऱ्या-चौथ्या डोसाच्या सुमारास डोके वर काढते. उलटीविरोधी गोळ्या तिच्यावर फारशा चालत नाहीत.

मानसशास्त्रज्ञ इलीन बर्नस्टाइन यांनी १९७८ मध्ये केमो घेणाऱ्या मुलांना उपचाराआधी एका अनोळखी चवीचे आइस्क्रीम दिले. पुढे ती मुले तेच आइस्क्रीम टाळू लागली. आइस्क्रीमने काही केले नव्हते, ते फक्त चुकीच्या वेळी हजर होते. त्यांच्याच गटाने १९८७ मध्ये हीच गोष्ट उलटी फिरवून वापरली. जेवण आणि केमो यांच्यामध्ये मुलांना एक वेगळ्याच चवीची गोळी चघळायला दिली, म्हणजे नावड त्या गोळीवर जाईल आणि रोजचे अन्न वाचेल. चवीची नावड जितक्या झटपट जडते तितकी आवाजाची जडत नाही, हे खरे. पण दवाखान्यातले नुसते दृश्य किंवा आवाज मळमळ आणू शकतो हे ऑन्कॉलॉजीतल्या कोणत्याही सिस्टरला विचारा.

आता चिठ्ठीतल्या मागणीकडे पाहा. केमोच्या खुर्चीत रुग्णाची सर्वांत लाडकी गाणी लावायची म्हणजे ते आइस्क्रीम हातात ठेवण्यासारखेच. या रुग्णाच्या बाबतीत ते आधीच होऊन गेले होते. तिसऱ्या आणि चौथ्या डोसाच्या वेळी पत्नीने मोबाइलवर त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतली गाणी लावली होती, दोन्ही वेळा सलाईन संपेपर्यंत. पहिल्या भेटीत ही गोष्ट निघाली तीही सहज: "अहो, परवा घरी तेच गाणं लावलं तर तुम्ही बंद करायला लावलंत, आठवतं?" रुग्णाने मान हलवली. गाण्याचे सुरुवातीचे सूर कानावर पडले की तोंडाला पाणी सुटायचे, मळमळीच्या आधी सुटते तसे.

पहिली भेट

ही भेट पाचव्या डोसानंतर नवव्या दिवशी ठेवली, मागच्या डोसाचा त्रास ओसरल्यावर आणि पुढच्याची धास्ती सुरू होण्याआधी. जागा डे-केअरच्या, म्हणजे केमो देतात त्या विभागाच्या, बाहेरची, वेगळ्या मजल्यावरची खोली. हे दोन्ही निर्णय कुठल्याही गाण्याच्या निवडीइतकेच महत्त्वाचे. केमोच्याच खुर्चीत पहिली भेट घेतली तर थेरपिस्टचा आवाजही त्या वासाच्या रांगेत जाऊन बसतो.

वेळ ५० मिनिटे. "तुम्हाला कोणती गाणी आवडतात?" या प्रश्नाने सुरुवात केली नाही, कारण त्याचे उत्तर पाठ केलेले असते. विचारले ते असे: हल्ली कोणते गाणे नकोसे झाले आहे? गाडीत एकटे असताना काय लावता? कोणते गाणे कोणा माणसाची आठवण घेऊन येते, आणि तो माणूस आज आहे का? दोन्ही कानांनी सारखे ऐकू येते का? दवाखान्यातला कोणता आवाज आधी खुपतो? शेवटच्या प्रश्नाला उत्तर चटकन आले: पंपाचा अलार्म, आणि लिफ्टचे दार उघडताना होणारा टिंग. म्हणजे मळमळ खुर्चीत नव्हे, लिफ्टमध्येच सुरू होत होती.

ऐकण्याच्या प्रश्नामागे वैद्यकीय कारण आहे. सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध घेणाऱ्या अनेकांना वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, कानात गुणगुण सुरू होते, अशा माणसाला बासरी किंवा झांजेचा आवाज टोचतो. या रुग्णाच्या फॉलफॉक्समधल्या ऑक्सॅलिप्लॅटिनमध्ये हे क्वचितच होते. त्याची खोड वेगळी: थंडी. डोसानंतर काही दिवस थंड वस्तूला बोट लागले की झिणझिण्या येतात, थंड हवा घशात गेली की घसा आवळल्यासारखा वाटतो. गिटारच्या धातूच्या तारा, झांजा, मायक्रोफोनची दांडी हे सगळे त्या दिवसांत बाद. ठेका धरायला लाकडी खुळखुळा दिला, तोही हातात ऊब धरल्यावर.

सामूहिक वापराची वाद्ये असतील तर आणखी एक नियम असतो: पुसता येईल तेच वाद्य. चामड्याचा ढोल अल्कोहोलने पुसला तर चामडे खराब होते आणि जंतू जातीलच याची खात्री नसते, म्हणून प्लास्टिकच्या पडद्याचा. तोंडाने फुंकायचे वाद्य एकाचे दुसऱ्याला कधीच नाही. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली असतील तर गटात बसवायचे नाही. प्लेटलेट खूप कमी असतील तर तळहाताने जोरात वाजवायलाही बंदी, कारण हातावर जखमेशिवाय काळेनिळे डाग उठतात.

ट्रॅक "क" आणि ट्रॅक "ख"

ठरवले ते असे. लिफ्टपासून सुई लागेपर्यंतचा काळ हाच खरा शत्रू, त्यासाठी एक ट्रॅक. त्याच्या अटी: शब्द नाहीत, ओळखीची चाल नाही, कोणाच्याही आठवणीशी नाते नाही. थेरपिस्टने नायलॉनच्या तारांच्या गिटारवर १२ मिनिटांचा तुकडा वाजवून रेकॉर्ड केला. चाल अगदी साधी, चार स्वरसंगती पुन्हापुन्हा फिरणाऱ्या. चालीत गंमत असली तर माणूस चाल ऐकत बसतो आणि श्वास विसरतो.

लय मात्र मोजून. रुग्ण घाबरलेला असताना एकदम संथ संगीत लावले तर ते अंगावर येते; मन एका वेगाने धावते आणि कान दुसऱ्या. १९४० च्या दशकात इरा आल्टशूलर यांनी मांडलेले तत्त्व असे की आधी रुग्णाच्या सध्याच्या अवस्थेला जुळणारे संगीत घ्यावे आणि मग हळूहळू त्याला हवे तिकडे न्यावे. त्याप्रमाणे सुरुवात मिनिटाला ९२ ठोक्यांनी. दर मिनिटाला चार-पाच ठोके कमी करत सहाव्या मिनिटाला ६४, आणि तिथून शेवटपर्यंत तेच. श्वास चार ठोक्यांत आत, सहा ठोक्यांत बाहेर. म्हणजे एका श्वासाला दहा ठोके: सुरुवातीला मिनिटाला साधारण नऊ श्वास, शेवटी सहा-साडेसहा. श्वास सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा लांब ठेवला की नाडी खाली यायला मदत होते. घेण्याचा लांब ठेवला तर काहींना गरगरते.

हा झाला ट्रॅक "क". घरी, बरे वाटणाऱ्या दिवसांत, रोज दोनदा ऐकायचा, पाच दिवस. दवाखान्याबाहेर शरीराला त्याची "इथे सगळे ठीक आहे" अशी ओळख पटल्याशिवाय तो दवाखान्यात न्यायचा नाही. शेवटच्या तीन दिवसांत डोळे मिटून पायरी-पायरीने कल्पनाही जोडायची: घरातून निघालो, पार्किंगमध्ये आलो, लिफ्टचा टिंग वाजला. मळमळ दहापैकी तीनवर गेली की कल्पना तिथेच सोडायची आणि श्वासाकडे परत यायचे. गॅरी मॉरो आणि सी. मॉरेल यांनी १९८२ मध्ये केमोआधीच्या मळमळीसाठी अशाच पायरी-पायरीच्या सरावाचा उपयोग दाखवला होता. तिथे शिथिलता स्नायू सैल करून आणली जात होती, इथे ते काम संगीताकडे आहे.

सलाईन चालू असतानाच्या दोन तासांसाठी काय, हा प्रश्न उरला होता. पहिल्या आराखड्यात त्याचे उत्तर नव्हते.

सहावी केमो

दिवसाचा क्रम असा असतो: रक्ताचे रिपोर्ट पाहणे, पोर्टला सुई, उलटीविरोधी औषध आणि डेक्सामेथासोन (स्टेरॉइड), अर्ध्या तासाने ऑक्सॅलिप्लॅटिन आणि ल्युकोव्होरिन दोन तास एकत्र, मग फाइव्ह-एफयू या केमोच्या औषधाचा एक झटपट डोस, आणि उरलेले फाइव्ह-एफयू ४६ तासांच्या पंपातून, घरी जाऊन.

मळमळ दहापैकी किती हे चार वेळा विचारायचे होते: आदल्या रात्री, लिफ्टच्या बाहेर, खुर्चीत बसल्यावर सुईच्या आधी, आणि सलाईन संपल्यावर. खुर्चीतला आकडा उलटीविरोधी औषधाच्या आधीच घ्यायचा, नाहीतर कोणाच्या नावावर काय जमा करायचे ते कळत नाही. आणि आकडा सिस्टरने विचारायचा, थेरपिस्टने नाही. ज्याने गिटार वाजवून दिली त्याला "काही फरक नाही" असे तोंडावर सांगणे बहुतेकांना जड जाते.

आकडे आले ४, ६, ६, ७. उलटी थांबली होती, पण बाकी फारसा फरक नव्हता. कारणे शोधली तेव्हा चार सापडली आणि चारही टाळता येण्यासारखी होती.

पहिले, सराव पाच दिवसांऐवजी तीनच दिवस झाला होता. बरे वाटत असताना केमोची आठवण कोणाला हवी असते? दुसरे, ट्रॅक ऑनलाइन अ‍ॅपवर ठेवला होता. १२ मिनिटांनी तो संपला आणि अ‍ॅपने आपणहून पुढचे गाणे लावले, मोठ्या आवाजात. त्याच क्षणी सुई टोचली जात होती. फाइल मोबाइलमध्येच, एअरप्लेन मोडवर, पुढचे आपोआप वाजणे बंद, हे यादीत आधीच हवे होते.

तिसरे जास्त गंभीर. कानांवर बाहेरचा आवाज गाळणारे हेडफोन होते. सलाईन सुरू झाल्यावर रुग्ण डोळे मिटून तोंडाने खोल श्वास घेत होता, खोली एसीने गार. घसा आवळला. ते घाबरले, पण सिस्टरची हाक ऐकू आली नाही आणि सिस्टरला वाटले झोप लागली. ऑक्सॅलिप्लॅटिनमध्ये घसा आवळण्याची भावना बहुधा थंडीची असते आणि ती आपोआप जाते. ऑक्सिजन नीट असतो. पण खरी अ‍ॅलर्जी याच औषधाने काही डोस झाल्यानंतर, सातव्या-आठव्याच्या सुमारास उद्भवू शकते, आणि तिच्यातही घसा, तळहाताची खाज, लाली, घाम असतो. म्हणून रुग्णाला हाक ऐकू न येणे ही फक्त गैरसोय नाही. तेव्हापासून एकच कान झाकायचा, दुसरा मोकळा. श्वास नाकाने, गळ्याभोवती आणि तोंडावर पातळ कापड. आवाजाची कसोटी साधी: हातभर अंतरावरच्या माणसाचे नेहमीच्या पट्टीतले बोलणे कळले पाहिजे. कळत नसेल तर आवाज जास्त आहे.

चौथे कारण पत्नीच्या मायेतून आले. सलाईनच्या शेवटच्या तासात मळमळ वाढली तेव्हा त्यांनी "क" पुन्हा लावला, आणि परत एकदा. नवा ट्रॅकही जुन्या गाण्यांच्या वाटेला लागायला निघाला होता.

यावर तोडगा म्हणजे ट्रॅक "ख". ठरवून फेकून देण्याचा आवाज. पावसाची संततधार आणि त्याखाली एक सलग खालचा सूर. ना चाल, ना ठेका. सुई लागली की "क" बंद, त्या दिवसापुरता कायमचा. सलाईन चालू असताना वाटले तर "ख", नाहीतर काहीच नाही. "ख" घरी कधीच लावायचा नाही. पुढे "ख"ची किळस आली तर काही बिघडत नाही. बर्नस्टाइन यांच्या त्या गोळीचेच काम तो करतो आहे.

सातवी ते नववी

संगीताने भागणार नाही असा एक धागा याच सुमारास हाती लागला. रुग्णाने घरी लिहिलेल्या आकड्यांत डोसानंतरचा तिसरा आणि चौथा दिवस सर्वांत वाईट होता, आणि हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलेच नव्हते. "केमोत एवढं चालायचंच" असे गृहीत धरले होते. औषधाची खरी मळमळ दर पंधरवड्याला अशी जोर धरत असेल तर आठवण दर वेळी ताजी होते आणि संगीताचा सराव म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. थेरपिस्टने हा तक्ता ऑन्कॉलॉजिस्टकडे दिला. त्यांनी नंतरच्या दिवसांसाठी रात्री मळमळीवरचे ओलान्झापिन जोडले, आणि केमोच्या आदल्या रात्री धास्ती कमी करणारे लोराझेपाम. आमच्या मते या प्रकरणात थेरपिस्टने केलेले सर्वांत उपयोगी काम हा तक्ता पोचवणे हेच होते. गिटारचा क्रमांक त्यानंतरचा.

लोराझेपामने गुंगी येते, त्यामुळे सकाळी "क" ऐकताना रुग्ण पेंगला तर श्वास मोजत बसायला लावू नये. नुसते ऐकू द्यावे. उलट डेक्सामेथासोनने त्या रात्री झोप उडते. तेव्हा "क" झोपेसाठी वापरण्याचा मोह होतो. मळमळ नसेल तरच, हा नियम तिथेही.

सातव्या डोसाला खुर्चीतला आकडा ४, आठव्याला ३, नवव्याला २. लिफ्टच्या बाहेरचा आकडा आधी उतरला, खुर्चीतला मागाहून. यात ओलान्झापिनचे किती, लोराझेपामचे किती आणि ट्रॅकचे किती, हे एका रुग्णावरून वेगळे काढता येत नाही. काढायचा प्रयत्न करणारा अहवाल वाचला तर जरा संशयानेच वाचावा. रुग्णाने उपचार सोडला नाही, एवढे मात्र नोंदवता येते. नवव्या डोसानंतर बोटांचा बधिरपणा पुढच्या डोसापर्यंतही जाईना, म्हणून डॉक्टरांनी ऑक्सॅलिप्लॅटिन थांबवून बाकीचे डोस फाइव्ह-एफयू आणि ल्युकोव्होरिनवर पूर्ण केले.

संशोधनाचा आधार किती, हेही इथेच सांगायला हवे. कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात कर्करोगाच्या रुग्णांवरचे संगीताचे ८१ अभ्यास आणि ५,५७६ माणसे होती. प्रौढांमध्ये चिंता २० ते ८० च्या मापावर सरासरी ७.७३ गुणांनी कमी आढळली. वेदना आणि थकव्यातही फरक दिसला. पण पुराव्याची खात्री चिंतेच्या बाबतीत कमीच ठरवली गेली, आणि त्याचे एक कारण उघड आहे: संगीत ऐकतो आहोत हे रुग्णापासून लपवता येत नाही. शिवाय या अभ्यासांत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात. सिस्टरने हेडफोन देऊन रेकॉर्डिंग ऐकवणे वेगळे, आणि प्रशिक्षित थेरपिस्टने रुग्णाचे मूल्यमापन करून, त्याच्यासोबत संगीत घडवून, दर भेटीत बदल करत जाणे वेगळे. पहिल्याला कमी लेखायचे कारण नाही, पण वर आलेल्या चार चुका त्यातच घडतात.

जुनी गाणी परत आणणे

कॉलेजच्या दिवसांतली ती गाणी. त्यांचे काय करायचे हा विषय रुग्णानेच आठव्या डोसानंतर काढला. मळमळीचे दिवस संपले की, म्हणजे दहाव्या ते तेराव्या दिवसांत, दर पंधरवड्याला दोन बैठका घेतल्या. रेकॉर्डिंग लावायचेच नाही, कारण शरीराने किळस धरली ती त्या रेकॉर्डिंगची: तीच वाद्ये, तोच गायक, मोबाइलच्या स्पीकरचा तोच पातळ आवाज. आधी नुसता ठेका, लाकडी खुळखुळ्यावर, आणि लय मुद्दाम मुळापेक्षा जलद. मग थेरपिस्टने गिटारवर चाल धरली, रुग्णाने ओठ मिटून गुणगुणली. पट्टीही बदलली, रुग्णाचा आवाज शस्त्रक्रियेनंतर खाली गेला होता आणि पोट ताणून वरचे सूर लावणे टाळायचेच होते. तिसऱ्या बैठकीत शब्द आले. कडवे अर्ध्यावर सोडून रुग्ण त्या कॉलेजातल्या मित्राबद्दल बोलू लागला, तेव्हा गिटार खाली ठेवली. अशा वेळी गाणे पूर्ण करून घ्यायचा हट्ट धरणारे थेरपिस्ट असतात. धरू नये.

पाच गाण्यांपैकी चार परत आली; रेकॉर्डिंगसकट, घरच्या स्पीकरवर. एक आले नाही. चौथ्या डोसाच्या वेळी उलटी होत असताना नेमके तेच चालू होते, आणि दोन बैठकांनंतर रुग्णाने ते सोडून द्यायचे ठरवले.

फाइलमध्ये शेवटची नोंद पुढच्या तपासण्यांसाठी आहे. अशी मळमळ उपचार संपल्यावरही महिनोन् महिने त्याच इमारतीत, त्याच लिफ्टमध्ये परत येऊ शकते, आणि रुग्णाला तेव्हा वाटते की आजारच उलटला. म्हणून फॉलोअपच्या दिवशी "क" मोबाइलमध्ये ठेवायचा, आदल्या दिवसापासून दोनदा ऐकायचा, आणि मळमळ आली तर ती डॉक्टरांना सांगायची. "ख" मोबाइलमधून काढून टाकला आहे.